एनएलटीकेला कोड द्यायचा तर: वाट सरळ, देवनागरीत खड्डे

एनएलटीके म्हणजे मानवी भाषेतला मजकूर हाताळणारं पायथनमधलं मुक्त सॉफ्टवेअर; त्यात कोणीही सुधारणा देऊ शकतो. ‘म्हापसा’ हा शब्द त्याच्या वर्डपंक्ट टोकनायझरला (मजकुराचे शब्द आणि चिन्हं सुटी करणाऱ्या साधनाला) द्या, सहा तुकडे हातात येतात: म, पाय मोडल्याची खूण, ह, काना, पस, पुन्हा काना. ‘पणजी’ची वेलांटीही अशीच सुटी पडते. तो वापरतो ते पायथनचं पॅटर्न जुळवणारं ‘re’ मॉड्यूल फक्त अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर ‘शब्दात’ धरतं. काना, मात्रा, अनुस्वार त्याच्या लेखी चिन्हं. गोव्यात मराठी आणि देवनागरी कोंकणी दोन्ही मजकूर हाताळणाऱ्यांनी पहिलं योगदान द्यायला याहून चांगली जागा नाही.

२००१मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सुरू झालेला हा प्रकल्प नवख्याला बुजवत नाही. गिटहब या गिटवर चालणाऱ्या कोडच्या संकेतस्थळावर फोर्क करा (स्वतःच्या खात्यात प्रत घ्या), क्लोन करा (ती संगणकावर उतरवा), बदल नोंदण्याआधी कोड तपासणारं प्री-कमिट बसवा आणि ‘डेव्हलप’ या मुख्य शाखेतून नवी ब्रँच काढा. इथेच पहिली चूक होते. लोक स्वतःच्या फोर्कमधल्या डेव्हलपवरच कमिट करत (बदल नोंदत) सुटतात आणि दुसऱ्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ प्रकल्पात घेण्याच्या विनंतीत) पहिलीचा कचराही जातो. एका दुरुस्तीला एक ब्रँच. क्लोनबद्दल एक सूचना: प्रकल्पातल्या बदलांचा इतिहास मोठा आहे आणि अर्धवट तुटलेलं क्लोन गिट पुढे चालू करत नाही. पावसात वीज गेली, राउटर बसला, की मुळापासून सुरुवात! आधी डेप्थ १चं उथळ क्लोन (फक्त शेवटच्या नोंदीपुरतं) घ्यावं, उरलेला इतिहास नंतर ओढावा.

आता दुरुस्ती. मूळ पॅटर्नला हात लावू नका; जुने कोड त्याच्या आउटपुटवर विसंबून आहेत, असा बदल कोणी घेणार नाही. वेगळा पर्याय द्या. युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा सरसकट ‘शब्द’ मानला तर श्लोकातला दंडही शब्दाला चिकटतो, कारण ०९६४ आणि ०९६५ त्याच पट्ट्यात येतात. ते वगळा. उलट झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह) पट्ट्याबाहेर राहतो, तो आत घ्या. ‘दऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: एक नुक्त्याच्या ऱ-ने, दुसरा साधा र, हलन्त आणि जॉइनर लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे; एनएफसी (युनिकोडचं ठरलेल्या एका रूपात आणणं) केल्यानेही ते एक होत नाहीत. टेस्टमध्ये दोन्ही रूपं हवीत.

डॉकटेस्ट (कोडच्या वर्णनातच लिहिलेलं, चालवून तपासता येणारं उदाहरण) लिहिणं सोपं आहे, पण आउटपुट अक्षरशः जुळावं लागतं. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, नाहीतर लिनक्सवर पास झालेली टेस्ट विंडोजवर आपटते.

सगळ्यात त्रासदायक भाग डेटाचा. कॉर्पस (मजकुराचे संग्रह) आणि मॉडेल गिटहबवरच्या वेगळ्या रिपॉझिटरीत (साठ्यात) असतात, त्यामुळे डेटाही लागत असेल तर दोन पुल रिक्वेस्ट आणि दोन्हींची वाट पाहणं. ‘इंडियन’ कॉर्पसमध्ये बांगला, हिंदी आणि तेलुगूबरोबर शब्दजाती लावलेली मराठी वाक्यं आहेत, तपासणीला तेवढी पुरतात. जुन्या ट्युटोरियलमधला ‘पंक्ट’ (वाक्यं तोडणारं मॉडेल) मात्र डाउनलोड करत बसू नका: पिकल फाइलींच्या (उघडताना घातक कोडही चालू शकणाऱ्या पायथनच्या साठवणीच्या फाइलींच्या) सुरक्षेच्या कारणाने २०२४मध्ये त्याच्या जागी ‘पंक्ट टॅब’ आला, आणि नव्या आवृत्तीत फक्त जुना पंक्ट उतरवलेला असला की लुकअप एरर (डेटा सापडत नसल्याचा) येतो.

पुल रिक्वेस्टच्या वर्णनात ‘म्हापसा’चे सहा तुकडे आधी आणि दुरुस्तीनंतरचा एक, असं शेजारी-शेजारी द्या. तपासणाऱ्याला देवनागरी येत असेलच असं नाही, तुकडे मात्र मोजता येतात.