एनएफएलचा नवीन ओव्हरटाइम: न्याय मिळाला, पण १० मिनिटं कमी पडतात

रेटिंग: रेग्युलर सीझन (साखळी मॅचेस) ५ पैकी ३, प्लेऑफ (बाद फेरी) ५ पैकी ४.५

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची प्रो लीग, आणि ओव्हरटाइम म्हणजे बरोबरी झाल्यावरचा जादा वेळ. आधी जुना नियम काय होता ते सांगतो, कारण तो माहीत असल्याशिवाय नव्याची किंमत कळत नाही. १९७४ पासून रेग्युलर सीझनमध्ये सडन डेथ होतं, म्हणजे ओव्हरटाइममध्ये जो पहिला स्कोअर करेल तो जिंकला. पुढे पुढे किकर इतके तयार झाले की टॉस जिंकायचा, थोडं पुढे सरकायचं, फील्ड गोल मारायचा (बॉल किक करून गोलपोस्टमधून काढला की ३ पॉइंट्स), विषय संपला. २००९ सीझनच्या एनएफसी फायनलला (सुपर बोलच्या आधीची मॅच) सेंट्सनी हेच केलं, गॅरेट हार्टलीची ४० यार्डांची किक आणि स्कोअर ३१-२८, आणि समोरच्या व्हायकिंग्सचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य प्लेयर) ब्रेट फार्व्हला ओव्हरटाइममध्ये बॉल हातात मिळालाच नाही. त्यावर ओरड झाली तेव्हा २०१० ला प्लेऑफसाठी (आणि २०१२ पासून सगळ्याच मॅचेससाठी) बदल आला की पहिल्या पझेशनला (बॉल घेऊन हल्ल्याची पाळी) नुसता फील्ड गोल झाला तर समोरच्याला चान्स मिळणार, पण टचडाउन (बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे नेला की ६ पॉइंट्स) झालं तर मॅच तिथेच खलास.

हे अर्धंच काम झालं होतं आणि ते २३ जानेवारी २०२२ च्या रात्री सगळ्या जगाला दिसलं. बिल्स विरुद्ध चीफ्स, शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही टीम मिळून २५ पॉइंट्स, गेब्रियल डेव्हिसची एकट्याची चार टचडाउन, १३ सेकंद उरलेले असताना चीफ्सचा क्वार्टरबॅक माहोम्सने दोन पासमध्ये टीमला फील्ड गोलच्या रेंजमध्ये आणलं आणि ३६-३६. मग टॉस. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनने टेल्स मागितलं, हेड्स पडलं, चीफ्सनी सरळ जाऊन टचडाउन केलं, ४२-३६. इतकी भारी मॅच आणि ॲलन साइडलाइनला बसून बघतोय! सुपर ओव्हरमध्ये एकीने बॅटिंग केली आणि दुसरीला बॅटच दिली नाही तर आपण ऐकून घेऊ का? दोनच महिन्यांत टीम्सच्या मालकांनी २९-३ मतांनी प्लेऑफचा नियम बदलला, दोन्ही टीमना एकेक पझेशन पक्कं, आणि २०२५ पासून रेग्युलर सीझनलाही तेच लागू झालं.

आता मजा येते का? प्लेऑफमध्ये तर जबरदस्त, आणि त्याचं कारण टॉसमध्ये आहे. आधी टॉस जिंकला की बॉल घ्यायचा यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, आता खरा निर्णय घ्यावा लागतो. आधी बॉल घेतलात तर बरोबरी झाल्यावर तिसरं पझेशन तुमचं आणि तिथून पुढे सडन डेथ. नंतर घेतलात तर किती पॉइंट्स लागणार ते तुम्हाला आधीच माहीत असतं. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल (सीझनची फायनल) बघा, फोर्टीनाइनर्सनी टॉस जिंकून बॉल घेतला, फील्ड गोलवर थांबले, २२-१९. चीफ्स स्वतःच्या ३४ यार्डांवर, चौथा डाउन (१० यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला शेवटचा), एक यार्ड हवा. एरवी एवढ्या मागे कोणी पण पंट करेल (बॉल लांब किक करून समोरच्याला देईल), पण तीन पॉइंट्स मागे असल्यामुळे पंटचा प्रश्नच नव्हता, माहोम्स स्वतः बॉल घेऊन ८ यार्ड पळाला, आणि शेवटी पीरियडचे ३ सेकंद उरलेले असताना मेकोल हार्डमनचं टचडाउन, २५-२२. तो चौथा डाउन मी परत परत बघतो, प्रत्येक वेळी तितकंच धडधडतं. फोर्टीनाइनर्सच्या काही प्लेयर्सनी मॅचनंतर सांगितलं की त्यांना नवीन नियमच नीट माहीत नव्हता, सुपर बोलला हे व्हायला नको होतं.

रेग्युलर सीझनचे मार्क कापले ते घड्याळामुळे. २०१७ ला ओव्हरटाइम १५ वरून १० मिनिटांवर आणला, प्लेयर्सचं अंग वाचावं म्हणून, ते समजू शकतो. पण दोन्ही टीमना बॉल द्यायचा ठरवलंय तर तेवढा वेळ पण द्या ना. पहिल्या टीमने सहा-सात मिनिटं खाल्ली की दुसरीच्या हातात तीन-चार मिनिटं, आणि तिसऱ्या पझेशनला तर वेळच उरत नाही. सप्टेंबर २०२५ ला कावबॉईज-पॅकर्स ४०-४० टाय झाली, दोघांनी एकेक फील्ड गोल मारला आणि पॅकर्सचा तर अगदी शेवटच्या सेकंदाला. ८० पॉइंट्सची मॅच, आणि निकाल नाही! प्लेऑफला टाय नसतो, निकाल लागेपर्यंत १५-१५ मिनिटांचे पीरियड चालूच राहतात, म्हणून तिथे हा त्रास नाही. ईगल्सनी १५ मिनिटांचा प्रस्ताव दिला होता, तो पूर्ण मान्य करायला हवा होता.

कॉलेजची पद्धत आणा असं बरेच जण म्हणतात, मला ती नको. २५ यार्डांवरून सुरुवात, तिसऱ्या ओव्हरटाइमपासून नुसते दोन पॉइंट्सचे प्रयत्न (गोललाइनजवळून एकच प्ले), २०२१ ला इलिनॉय-पेन स्टेट मॅच असे नऊ ओव्हरटाइम चालली आणि स्कोअर २०-१८. त्यात पंट नाही, किकऑफ नाही, फील्ड पोझिशनची लढाई नाही. प्रो फुटबॉल पूर्ण मैदानाचाच खेळ राहू दे.

पहिल्यांदाच बघणार असाल तर तो २०२४ च्या सुपर बोलचा ओव्हरटाइम टॉसपासून अख्खा बघा, हायलाइट्स नको.