क्लाउडफ्लेअरची फुकट योजना: वाचनालयाच्या सर्व्हरवर आठ महिने

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची साइट मी सांभाळते. भाड्याचा छोटा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा आभासी वाटा), दोन जीबी रॅम, त्यावर एनजिनएक्स (पानं पाठवणारा वेब सर्व्हर) आणि डेटाबेस. दिवाळी अंक योजनेची नोंदणी उघडली आणि दुपारपर्यंत साइट बसली. ग्रंथपाल काकांचा फोन आला, "ताई, काउंटरवर सभासद खोळंबलेत, पान उघडतच नाही." लॉग पाहिला तर पुस्तकशोधाच्या पानावर सेकंदाला शेकडो विनंत्या, प्रत्येकीत वेगळंच काहीबाही अक्षरांचं कडबोळं. शोधशब्द दर वेळी नवा, त्यामुळे कॅशचा (आधी साठवलेल्या उत्तरांचा) उपयोग शून्य आणि सगळा भार डेटाबेसवर.

त्याच संध्याकाळी नेमसर्व्हर (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) बदलून साइट क्लाउडफ्लेअरमागे नेली, म्हणजे प्रत्येक विनंती आधी त्यांच्या सर्व्हरवर जाते आणि मगच आमच्याकडे येते, आणि 'अंडर अटॅक मोड' चालू केला. पाहुण्याचा ब्राउझर काही सेकंद तपासला जातो, मग पान दिसतं. रात्री नोंदणी सुरळीत झाली. हल्ला कितीही मोठा असो, त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत, 2017 पासून फुकट योजनेतही नाहीत. आमच्यासारख्या वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेला याचं मोल फार आहे.

पण चारच दिवसांत सर्व्हर पुन्हा गुदमरला, आणि क्लाउडफ्लेअरच्या आलेखात काहीच नव्हतं! हल्ला थेट आमच्या सर्व्हरच्या आयपीवर (इंटरनेटवरच्या पत्त्यावर) येत होता, यूडीपीचा, म्हणजे जोडणी न करताच पाठवलेल्या डेटाचा पूर. होस्टिंगवाल्यांनी तो आयपीच काही तास बंद केला. पत्ता फुटला कुठून? डीएनएसमध्ये (साइटच्या नावांच्या आणि पत्त्यांच्या जाहीर यादीत) मेलची नोंद त्याच सर्व्हरकडे बोट दाखवत होती. पुढचं दार भक्कम आणि मागचं सताड उघडं. मेल दुसरीकडे हलवली, नवा आयपी घेतला, आणि 443 पोर्ट (सुरक्षित वेब-जोडणीचा मार्ग) फक्त क्लाउडफ्लेअरने जाहीर केलेल्या पत्त्यांसाठी उघडा ठेवला. पूर आला तर ही फायरवॉल उपयोगाची नाही, कारण लाइन आधीच तुंबलेली असते. तिचं काम वेगळं आहे: कुणी सगळे आयपी चाळत आमचं टीएलएस प्रमाणपत्र (कूटबद्ध जोडणीसाठीचं, साइटचं नाव असलेलं) शोधायला निघालं, तर त्याला उत्तरच मिळू नये. जुना आयपी तोच ठेवणाऱ्यांना मी कळकळीने सांगेन, आधी तो बदला.

एनजिनएक्समध्ये एका पत्त्याला सेकंदाला एक विनंती अशी मर्यादाही घातली होती. तिचा फटका आपल्याच माणसांना बसला. आधी तर सर्व्हरला सगळी रहदारी क्लाउडफ्लेअरच्याच पत्त्यांवरून येताना दिसत होती; एनजिनएक्सचं रिअल आयपी मॉड्यूल लावल्यावर पाहुण्यांचे खरे पत्ते दिसू लागले. तरी मोबाईलवरच्या सभासदांना 503 (सेवा उपलब्ध नाही) हा संदेश येतच राहिला. मोबाईल नेटवर सीजीनॅटमुळे (मोबाईल कंपनीने केलेल्या पत्त्यांच्या वाटणीमुळे) कितीतरी ग्राहक एकाच आयपीव्ही4 पत्त्याआड असतात, हे मी गृहीतच धरलं नव्हतं. आता मर्यादा फक्त शोधाच्या पानावर आहे, बर्स्ट 20 ठेवून, म्हणजे एकदम आलेल्या वीस जादा विनंत्यांना सूट.

अंडर अटॅक मोड कायमचा चालू ठेवू नका. काउंटरवरची देवघेव नोंदवणारी आमची स्क्रिप्ट म्हणजे ब्राउझर नव्हे, ती त्या तपासणीत अडकायची. फुकट योजनेत पाच कस्टम (आपण स्वतः ठरवायचे) नियम मिळतात. त्यातला एक शोधाच्या पानावर तपासणी लावतो, बाकी साइट मोकळी.

एक गोष्ट मी कार्यकारी मंडळापुढे स्पष्ट मांडली: टीएलएसचं कूट क्लाउडफ्लेअरकडे उघडतं, म्हणजे सभासदांचे पासवर्ड त्यांच्या यंत्रणेतून जातात. मंडळाने विचार करून होकार दिला. मार्चमध्ये पुन्हा हल्ला झाला. मला तो आलेखातच दिसला. काउंटरवर त्या दिवशी नेहमीसारखी देवघेव चालू होती.