सॉक्रेटिसचा खटला: सोलापुरातील चार रविवारांचा अभ्यासवर्ग

सोलापुरातील एका जुन्या वाचनालयाने यंदा मे महिन्यात सॉक्रेटिसचा खटला आणि मृत्यू या विषयावर चार रविवारांचा अभ्यासवर्ग घेतला. शुल्क ४०० रुपये, वेळ सायंकाळी साडेसहा ते साडेआठ आणि सोबत चाळीस पानांची टिपणवही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ही वेळ सोयीची होती. दुसऱ्या रविवारी वीज गेली तेव्हा मात्र पाऊण तास उकाड्यात बसावे लागले आणि पर्यायी व्यवस्था काहीच नव्हती. ही तक्रार आधीच नोंदवून ठेवतो.

विषाचा प्याला हाती घेतलेला शांत वृद्ध, एवढेच सॉक्रेटिसचे चित्र आपण शाळेपासून मनात बाळगतो. वर्गाची सुरुवात त्या प्याल्यापासून न होता न्यायालयापासून झाली, हे मला सर्वांत आवडले. इ.स.पू. ३९९ च्या अथेन्समध्ये निकाल देणारा न्यायाधीश नव्हता आणि सरकारी वकीलही नव्हता. नगराचे देव न मानता नवी दैवते आणल्याची आणि तरुणांना बिघडवल्याची फिर्याद मेलेटस नावाच्या नागरिकाने केली, ॲनिटस आणि लायकॉन त्याच्या बाजूने उभे राहिले आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, तिशी ओलांडलेल्या सामान्य नागरिकांनी दोन्ही बाजू ऐकून एकाच दिवसात निकाल दिला. आमच्यात न्यायालयातून निवृत्त झालेले एक कर्मचारी होते. त्यांनी विचारले, “सर, वर अपील नव्हतं का?” अपिलाची सोयच नव्हती. मग शिक्षकांनी फळ्यावर आकडे मांडले: पंच ५०१ धरले तर दोषी ठरवणारी मते २८०, निर्दोष मानणारी २२१. केवळ ३० मते फिरली असती तर आपण सुटलो असतो, असे सॉक्रेटिस स्वतःच म्हणतो. दोषी ठरल्यावर स्वतःसाठी शिक्षा सुचवण्याची त्याची पाळी आली तेव्हा त्याने आधी नगराच्या खर्चाने सन्मानाचे भोजन मागितले आणि शेवटी मित्रांच्या जामिनावर ३० मिना (तिथले चलन) दंड देऊ केला. मृत्युदंडाच्या बाजूने आधीपेक्षा ८० मते जास्त पडली, असे नंतरच्या काळातला चरित्रकार डायोजिनिस लाएर्शियस लिहितो. म्हणजे थोड्याच वेळापूर्वी ज्यांनी त्याला निर्दोष मानले, त्यांच्यापैकीच काहींनी त्याचा मृत्यू मागितला. या ८० मतांवर एक अख्खा रविवार गेला असता तरी मला चालले असते.

टिपणवहीबद्दल माझा एक गंभीर आक्षेप आहे. सॉक्रेटिसला लहानपणापासून ऐकू येणाऱ्या दैवी संकेताचे भाषांतर तिथे सर्वत्र ‘विवेकबुद्धी’ असे केले आहे. त्याचा शिष्य प्लेटो याच्या वर्णनानुसार हा आवाज त्याला फक्त अडवीत असे, कधी प्रवृत्त करीत नसे. आणि नगराचे देव न मानता नवी दैवते आणल्याचा जो आरोप होता, त्याचा संबंध याच संकेताशी लावला जात असे. त्याला विवेकबुद्धी म्हटले की पंचांना नेमके काय खटकले असेल, हेच वाचकाला कळत नाही.

याहून मोठी उणीव राजकारणाची. इ.स.पू. ४०४ मध्ये तीस जणांच्या जुलमी राजवटीने अथेन्सची लोकशाही मोडली आणि तिचा म्होरक्या क्रिटियास एकेकाळी सॉक्रेटिसच्या सहवासातला होता. लोकशाही परत आल्यावर इ.स.पू. ४०३ मध्ये सर्वसाधारण माफी जाहीर झाली, त्यामुळे जुन्या राजकीय कृत्यांवर खटला भरता येत नव्हता. तरुणांना बिघडवल्याच्या आरोपामागचा राग इथून समजू लागतो. वर्गात हे सारे दहा मिनिटांत उरकले, आणि पंच केवळ अडाणी होते असा समज घेऊन काही जण घरी गेले असतील, याचे मला वाईट वाटते.

तिसरा रविवार तुरुंगाचा होता. डेलॉस बेटावर गेलेले पवित्र जहाज परत येईपर्यंत कोणालाही देहदंड देता येत नव्हता, म्हणून सॉक्रेटिस सुमारे महिनाभर कैदेत राहिला. क्रिटो या मित्राने पळून जाण्याची सोय केली होती, ती त्याने नाकारली. यावर मागच्या बाकावरच्या एका ताईंनी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा विषय काढला. शिक्षकांनी तो टाळला नाही. हुतात्म्यांवरचा खटला परक्या सत्तेचा होता. सॉक्रेटिस ज्या कायद्यांचा मान राखत होता ते त्याच्याच नगराचे होते, ज्यांच्या छायेत तो सत्तर वर्षे राहिला. हा फरक त्यांनी ज्या आदराने समजावला, त्यासाठी मी शुल्क दुप्पट असते तरी भरले असते.

सॉक्रेटिसच्या शेवटच्या दिवसाचे वाचन कोणत्याही पार्श्वसंगीताशिवाय झाले. बायकांना प्रेताला स्नान घालण्याचे कष्ट पडू नयेत म्हणून तो आधीच अंघोळ करून घेतो. पहारेकरी निरोप घेताना रडतो. विष पिऊन तो येरझाऱ्या घालतो, पाय जड झाल्यावर उताणा निजतो, विष देणारा माणूस पाऊल जोराने दाबून विचारतो, “जाणवतं का?” आणि तो “नाही” म्हणतो. नंतर पिंढऱ्या आणि हळूहळू वर सरकणारा गारठा. तोंडावरचे पांघरूण काढून तो क्रिटोला सांगतो, की अस्क्लेपियस या आरोग्यदेवाला एक कोंबडा द्यायचा आहे, विसरू नकोस. हे सारे लिहिणारा प्लेटो आजारपणामुळे तिथे नव्हता, हेही शिक्षकांनी आवर्जून सांगितले.

दिवाळीनंतर हाच वर्ग पुन्हा होणार आहे. तीस जणांच्या राजवटीसाठी पाचवा रविवार वाढवावा, असे मी अभिप्रायाच्या वहीत लिहून आलो आहे.