लॅमिनेटवर उभं केलेलं जिप्सम पार्टिशन : नऊ महिन्यांनंतर

मार्चमध्ये पार्टिशन उभं राहिलं आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्यापासून दोन फुटांवर लॅमिनेटचं वुडन फ्लोअरिंग फुगून वर आलं. पाय ठेवला की दबतं, उचलला की परत वर. कुठे गळती नाही, खिडकीतून पाणी नाही. पार्टिशनवाला म्हणतो फ्लोअरिंग हलकं, फ्लोअरिंगवाला म्हणतो पार्टिशन जड. दोघांचंही चूक. दोष पार्टिशनच्या तळाच्या चॅनलमधून (पत्र्याच्या पन्हळीतून) फ्लोअरिंग भेदून थेट खालच्या लादीत गेलेल्या पाच स्क्रूंचा आहे.

वजनाचा मुद्दा आधी निकालात काढू. 10 फूट रुंद, 9 फूट उंच, मध्ये 3 फुटी दार. 50 मिमीचा चॅनल, दोन-दोन फुटांवर स्टड (पत्र्याचे उभे खांब), दोन्ही बाजूंना 12.5 मिमीचा जिप्सम बोर्ड, आत आवाज अडवायला रॉकवूल. 6 बाय 4 चे सात बोर्ड लागले. दार सोडून सगळं मिळून दीडशे किलोच्या आसपास. कपड्यांनी भरलेलं तीन दारी कपाटही जवळपास तेवढंच भरतं.

खरी गोम वेगळी. 8 मिमी लॅमिनेट 2 मिमी फोमवर नुसतं पसरलेलं असतं, कुठेच चिकटवलेलं नसतं. पावसाळी हवेतली ओल पिऊन ते मीटरमागे दीड मिमीपर्यंत पसरतं. पाच मीटरच्या हॉलला सात-साडेसात मिमी. स्कर्टिंगखाली भिंतीलगत 8-10 मिमी फट सोडतात ती यासाठीच. पार्टिशनच्या रेषेत स्क्रू मारले की फ्लोअरिंगची ती बाजू खिळून बसते. मग सगळं सरकणं समोरच्या भिंतीकडे, आणि तिथे नेमकं तसलंच तीन दारी कपाट फ्लोअरिंग दाबून बसलेलं. मधल्या पट्ट्यांना वर येण्यावाचून गत्यंतर नाही. हे सगळं कशासाठी, तर फ्लोअरिंग कापण्याची अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवायला.

जुलैत केलेला इलाज असा : स्कर्टिंग काढून पार्टिशनच्या दोन्ही बाजूंनी 10 मिमी रुंद फट मल्टी-टूलने (थरथरणाऱ्या छोट्या पात्याच्या यंत्राने) कापली. सर्क्युलर सॉ इथे निरुपयोगी, कारण त्याची पाटी भिंतीला अडते आणि पातं जवळ जात नाही. खोली 10 मिमीच. पुढे लादी लागते. दारातही आडवा काप घेऊन टी-पट्टी बसवली, पट्टीची पकड लादीत. दारात काप घेतला नाही तर दोन्ही खोल्यांचा ताण त्या तीन फुटांत येतो. फटीवर जाड बीडिंग, खिळे भिंतीकडे. फ्लोअरिंगला एकही नाही. फटीत अॅक्रिलिक किंवा पीओपी भरायचं नाही, भरलं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कपाट रिकामं करून जरा मोकळं केल्यावर फुगवटा दहा दिवसांत बसला. एका सांध्याचं लॉक मात्र मोडलं ते मोडलंच. तिथली कड मिलिमीटरभर वर आहे. अनवाणी चाललं की टोचते.

रॉकवूलबद्दल एप्रिलमध्ये मत वाईट होतं, पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं म्हणून. ते मत आता मागे. आवाज भिंतीतून नाही, खालून येत होता : चॅनलखाली सलग लॅमिनेट आणि फोम. काप घेतल्यावर फरक पडला, पूर्ण गेला नाही. चॅनलखालची पट्टी अजून तशीच आहे ना. दार आपटलं की चौकटीचा स्टड फोमवर किंचित हलतो, आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात ऑक्टोबरमध्ये केसाएवढी चीर आलीच. त्या कोपऱ्यात बोर्डचा सांधाही आणलेला; तिथे एल आकाराचा अखंड बोर्ड हवा होता. बाकी बोर्ड, सांध्यांची टेप, रंग उत्तम. तक्रार नाही.

नव्याने करायचं असेल तर दोरीने रेघ मारून फ्लोअरिंगमध्ये 70 मिमी रुंद स्लॉट आधीच कापावा. फोमही काढावा. लादी ठोकून बघावी; पोकळ वाजली तर तिथे भोक नको. आधी ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवून लादी पार करावी, मग हॅमर चालू. चॅनलखाली सीलंटची जाड रेघ, दर 2 फुटांवर गिट्टी (भोकात बसणारा प्लग) आणि स्क्रू, दाराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन. चॅनलच्या दोन्ही अंगांना 10 मिमी मोकळे राहतात. तयार भिंत 75 मिमीची, म्हणजे बोर्डच स्लॉट झाकतो. बोर्ड लॅमिनेटपासून 10 मिमी वर थांबवला की पोछ्याचं पाणीही चढत नाही. उरलेली फट साध्या स्कर्टिंगखाली जाते, जाड बीडिंग लागतच नाही.

फ्लोअरिंग खाली पूर्ण चिकटवलेलं असेल तर वरून चॅनल मारला तरी चालतं. फूटभर स्कर्टिंग काढलं की कळतं : कडेला फोम दिसला तर ते तरंगतं फ्लोअरिंग.