छोट्या हॉस्पिटलची इमर्जन्सी: फोन, व्हिडिओ की थेट रेफर?

ज्या हॉस्पिटलमध्ये चोवीस तास इमर्जन्सी चालू असते पण न्यूरोलॉजिस्ट (मेंदूचा डॉक्टर), इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा डॉक्टर), लहान मुलांचा क्रिटिकल केअरवाला असं कुणी रात्री हजर नसतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. ड्युटीवर एक डॉक्टर, सोबत सिस्टर, आणि समोर असा पेशंट की ज्याला आत्ता या क्षणी स्पेशालिस्टचं मत पाहिजे. अशा वेळी मोठ्या सेंटरला फोन लावायचा, व्हिडिओवर त्यांच्या डॉक्टरला पेशंट दाखवायचा, किंवा काही न विचारता अँब्युलन्समध्ये घालून पाठवून द्यायचं. स्वतःचे स्पेशालिस्ट ऑन-कॉल ठेवणं हाही मार्ग आहे आणि तो जमत असेल तर सगळ्यात उत्तमच, पण तो जमत नाही म्हणूनच तर हा प्रश्न पडतो, त्यामुळे त्यात शिरत नाही.

माझं मत आधीच सांगतो. निर्णय अडलेला असेल आणि तो पेशंट बघून घ्यायचा असेल तर व्हिडिओ फोनपेक्षा नक्की चांगला. हात अडले असतील, म्हणजे करणारं माणूसच नसेल, तर व्हिडिओने फार काही हाती लागत नाही. आणि पेशंट जाणारच हे पहिल्या पाच मिनिटांत कळलंय तर कॅमेऱ्यापायी गाडी थांबवू नका.

स्ट्रोकपासून, म्हणजे मेंदूच्या झटक्यापासून सुरू करू, कारण टेलिमेडिसिनची, म्हणजे लांबून व्हिडिओवर तपासण्याची, बाजू इथे सगळ्यात भक्कम आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्याआधी सीटी काढून मेंदूत रक्तस्राव नाही ना हे बघावं लागतं, आणि पेशंट झोपेतून उठतानाच अशक्तपणा घेऊन उठला असेल तर घड्याळ उठल्यापासून नाही तर शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं तिथपासून धरतात. इंजेक्शनने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रोज स्ट्रोक न बघणारा डॉक्टर एकट्याने ते द्यायला कचरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. फोनवर न्यूरोलॉजिस्टला तुमच्या शब्दांवरच भरवसा ठेवावा लागतो, "उजवा हात जरा कमी हलतोय" यातलं जरा म्हणजे किती हे त्याला कळायला मार्ग नाही. व्हिडिओवर तो स्वतः पेशंटला हात वर धरायला सांगतो, नजर कुठल्या बाजूला वळलीय ते बघतो, बोलणं ऐकतो, सिस्टरला टाचणी टोचून बघायला सांगतो आणि स्ट्रोक किती गंभीर आहे ते सांगणारा 0 ते 42 चा एनआयएचएसएस स्कोअर स्वतः काढतो. सीटीची इमेज मात्र वेगळ्या लाइनने थेट त्याच्या स्क्रीनवर गेली पाहिजे, भिंतीवरच्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही.

हा फरक मोजलेलाही आहे. अमेरिकेत स्ट्रोक डॉक नावाची ट्रायल झाली, 2008 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात काही पेशंट फोनवर आणि काही व्हिडिओवर तपासले, आणि इंजेक्शन द्यायचं की नाही हा निर्णय व्हिडिओच्या बाजूला 98 टक्के वेळा बरोबर आला, फोनच्या बाजूला 82 टक्के. पण तीन महिन्यांनी पेशंट किती सावरले यात मात्र दोन्हीकडे ठळक फरक दिसला नाही, ट्रायल लहान होती आणि तो फरक पकडण्याएवढी नव्हतीच. म्हणून हे दोन्ही निष्कर्ष डोळ्यासमोर ठेवूनच पैसे खर्च करा, कारण सेल्सवाला तुम्हाला पहिलाच सांगेल.

मला जर्मनीतल्या बव्हेरियाचं उदाहरण जास्त पटतं. तिथे 2003 मध्ये टेम्पिस नावाचं नेटवर्क सुरू झालं, म्युनिक आणि रेगेन्सबर्गची दोन मोठी सेंटर्स आणि सुरुवातीला त्यांना जोडलेली 12 छोटी हॉस्पिटलं. नेटवर्कमधल्या पेशंटपैकी तीन महिन्यांनी वाईट अवस्थेत असलेले 44 टक्के, आणि नेटवर्कबाहेरच्या तशाच हॉस्पिटलांत 54 टक्के. आता नीट बघा, तिथे नुसते कॅमेरे बसवले नव्हते, प्रत्येक छोट्या हॉस्पिटलात स्ट्रोकच्या पेशंटसाठी वेगळं युनिट केलं, सिस्टर आणि थेरपिस्टना ट्रेनिंग दिलं, गिळता येतंय की नाही हे खायला देण्याआधी तपासायची शिस्त लावली, आणि या सगळ्याच्या जोडीला व्हिडिओ होता. कॅमेरा घेतला आणि बाकीचं सोडून दिलं तर तो 10 टक्क्यांचा फरक तुमच्याकडेही येईल अशी आशा धरू नका.

हार्ट अटॅकचं गणित वेगळं आहे. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी पहिल्या 10 मिनिटांत निघाला पाहिजे आणि तो वाचायला व्हिडिओ लागत नाही, स्वच्छ स्कॅन किंवा मशीनमधून गेलेली फाइल आणि एक फोन एवढ्यात काम होतं. अँजिओप्लास्टी 120 मिनिटांच्या आत होणार असेल तर पाठवा, नसेल तर गुठळीचं इंजेक्शन इथेच द्या आणि मग पाठवा. फक्त यासाठी कुणी महागडी व्हिडिओ सिस्टीम गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा. भाजलेल्या पेशंटचंही बरंचसं असंच, चांगल्या उजेडात काढलेले फोटो पुष्कळ कामाचे असतात, कारण किती टक्के भाजलंय हा अंदाज रोज न बघणाऱ्याकडून बऱ्याचदा जास्तच लावला जातो आणि मग सलाइनचं गणितही चुकतं.

आता हातांचं. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये, म्हणजे हृदय बंद पडल्यावर, छाती दाबणारा, श्वास देणारी बॅग धरणारा, औषध भरणारा आणि वेळ लिहिणारा अशी माणसं खोलीतच लागतात. ती असतील तर व्हिडिओवरचा इमर्जन्सी डॉक्टर फार मोठं काम करतो, तो टीम लीडर होतो, छाती दाबण्याचा वेग मिनिटाला 100 ते 120 च्या मध्ये आहे का बघतो, दोन मिनिटं झाली माणूस बदला म्हणून सांगतो, आणि तुमचा डॉक्टर श्वासाची ट्यूब टाकायला मोकळा होतो. मला हे टेलिमेडिसिनचं सगळ्यात दुर्लक्षित रूप वाटतं, सगळे स्ट्रोकबद्दल बोलतात आणि रात्री एकट्या पडलेल्या ड्युटी डॉक्टरला खांद्यामागे कुणीतरी अनुभवी आहे याने किती बळ येतं हे कुणी हिशोबात धरत नाही. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात 2003 पासून याच तत्त्वावर ग्रामीण हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी चालवल्या गेल्या, पेशंटजवळ खास ट्रेनिंग घेतलेले नर्स प्रॅक्टिशनर (तपासून उपचार करू शकणाऱ्या वरच्या दर्जाच्या नर्स) आणि स्क्रीनवर जॅक्सनच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलचे इमर्जन्सी डॉक्टर. पण बघा, ट्रेनिंग घेतलेलं माणूस पेशंटजवळ होतंच. ट्यूब टाकता येत नसेल, छातीत नळी घालता येत नसेल, तर पलीकडचा डॉक्टर कितीही मोठा असला तरी तो फक्त बघत राहतो आणि हे दोघांसाठीही भयंकर असतं. म्हणून स्टाफ कमी करून त्या पैशात व्हिडिओ घ्यायचा विचार चालू असेल तर कृपा करून तो सोडा.

लहान मुलांच्या बाबतीत मी व्हिडिओकडे झुकतो. श्वास घेताना बरगड्या किती आत जातायत, मूल चिडचिडं आहे की निपचित, आईकडे बघतंय का, हे फोनवर सांगताना हमखास काहीतरी निसटतं आणि अनुभवी डोळ्यांना ते दहा सेकंदांत दिसतं, अनेकदा मूल इथेच ठेवता येईल हेही त्यातूनच ठरतं.

थेट रेफर करण्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, त्याला उगाच कमी लेखलं जातं. पोटात रक्तस्राव चाललेला अपघाताचा पेशंट आहे आणि तुमच्याकडे सर्जन नाही, तर त्याला ऑपरेशन थिएटर पाहिजे, चर्चा नाही. श्वासनलिका, रक्तस्राव, रक्ताची सोय एवढं बघा आणि निघा, पुढच्या हॉस्पिटलला गाडीतून फोन करा. उलट बाजूला गाडीत घातलेला पेशंट तासभर कमी देखरेखीत असतो, नातेवाईक घरापासून लांब जातात, तुमची अँब्युलन्स अडकते, आणि तिकडे पोचल्यावर "याला पाठवायची गरज नव्हती" असं कळणारे पेशंट काही कमी नसतात. व्हिडिओचा खरा फायदा मला इथेच दिसतो, कोण जायला हवं आणि कोण इथेच बरं होईल ही निवड नीट होते.

घ्यायचं ठरलं तर आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. मॉनिटरचे अलार्म, नातेवाईकांचा गलबला आणि ऑक्सिजनचा फुसफुसाट यात लांबच्या डॉक्टरचं बोलणं ऐकूच आलं नाही तर सगळं वाया. कॅमेरा रिससच्या, म्हणजे अत्यवस्थ पेशंटला सावरायच्या बेडवर कायमचा बसवलेला असावा, पलीकडच्याला तो स्वतः फिरवता आणि झूम करता यावा, आणि एका बटणावर कॉल लागावा, पासवर्ड टाकायला लागणारी ट्रॉली रात्री कोपऱ्यात चार्जिंगविना पडून राहते. कनेक्शन दोन वेगळ्या लाइन्सचं घ्या, आणि तेही गेलं तर फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात पाहिजे. रोज शिफ्ट बदलताना टेस्ट कॉल लावा. औषधाचा डोस पलीकडून आला की सिस्टरने मोठ्याने परत म्हणायचा, ही सवय ड्रिलमध्येच लागते.

करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या. पहाटे तीन वाजता बटण दाबल्यावर किती मिनिटांत कोण समोर येणार, आणि मतभेद झाला तर शेवटचा निर्णय कुणाचा व नोंद कुठल्या केसपेपरवर. पहिल्याचं उत्तर "लवकरात लवकर" असं आलं तर ती सेवा इमर्जन्सीसाठी नाही, ओपीडीसाठी असेल.

सीटी आहे पण न्यूरोलॉजिस्ट नाही, स्टाफ बऱ्यापैकी हाताळणारा आहे आणि मोठं सेंटर तासाभराहून लांब आहे, तर व्हिडिओ घ्या, थांबू नका. सीटीच नसेल तर स्ट्रोकसाठी तो घेऊन काही होणार नाही, संशय आला की लगेच पाठवा आणि ते पैसे आधी ट्रेनिंगवर आणि चांगल्या अँब्युलन्सवर घाला.