भाड्याच्या घरासाठी जाळीचं खुराडं, घ्यावं का?

घरामागे थोडी जागा आहे म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून हे जाळीचं खुराडं घेतलं, ४ कोंबड्यांना मस्त पुरतं आणि नटबोल्टचं असल्यामुळे घर सोडताना सुटं करून टेम्पोत टाकता येतं, भाडेकरूला हेच तर पाहिजे. खालचा पत्र्याचा ट्रे ओढून काढायचा, त्यात भाताचं तूस टाकायचं आणि रोज सकाळी साफ करायचा, वास अजिबात येत नाही, मालकीणबाईंनी अजून नाक मुरडलेलं नाही.

पण जाळी! भोकं एवढी मोठी की मुंगसाचं तोंड आत जातं, खालून वीतभर बारीक जाळी वेगळी मारून घ्यावी लागली, या किमतीत ती त्यांनीच द्यायला हवी होती. कडीपण नुसती अडकवायची आहे, वर कुलूप लावाच.

आणि आधी घरमालकांना विचारा, मग खुराड्याचा ॲडव्हान्स द्या. कोंबडा घेऊच नका, अंड्यांसाठी तो लागत नाही आणि पहाटे आरवला की शेजारी दारात. वनराजा जातीच्या कोंबड्यांची पिल्लं घेणार असाल तर राणीखेत म्हणजे मानमोडीची लस दिलीय का ते नक्की विचारा, अंडी साधारण ५-६ महिन्यांनी चालू होतात, तोवर नुसता खाद्याचा खर्च धरून चाला.