माइंड मॅप की स्केचबुक? पोर्टफोलिओच्या तयारीत वेळ कशाला द्यावा

"मॅडम, माइंड मॅप किती करायचे?" पोर्टफोलिओच्या, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या स्वतःच्या निवडक कामांच्या, तयारीला आलेल्या मुलांचा हा पहिला प्रश्न असतो. माइंड मॅप म्हणजे मधोमध एक शब्द लिहून त्याला सुचतील तशा शब्दांच्या फांद्या फोडत जाणं. स्केचबुकबद्दल कुणी विचारत नाही, कारण ते आपल्याकडे आहेच असं प्रत्येकाला वाटतं. उघडून बघावं तर पहिल्या आठ पानांवर डोळे, ओठ, वाऱ्यावर उडणारे केस, एखादा लांडगा आणि पुढे सगळी कोरी पानं.

मी अकरावी-बारावीच्या मुलांची कला आणि डिझाइनच्या प्रवेशाची तयारी करून घेते. हाताशी जेमतेम तीन-चार महिने असतात आणि त्यातच बोर्डाचा अभ्यासही असतो. अशा वेळी "दोन्ही करा" हे उत्तर कुणाच्याच उपयोगाचं नाही. माझं मत आधीच सांगते. दहा तास असतील तर नऊ स्केचबुकला द्या, एक माइंड मॅपला. पण तो एक तास वाया घालवायचा नाही, आणि तो कधी द्यायचा हे नीट समजून घ्यायचं.

आधी फॉर्म कुठला भरताय ते बघा

महाराष्ट्रात बी.एफ.ए.साठी, म्हणजे चित्रकलेसारख्या कलांच्या पदवीसाठी, जी राज्याची सीईटी होते तिच्यात पोर्टफोलिओ मागत नाहीत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र तिथेच बसून, घड्याळ लावून काढायचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेल्यांना ही नावं पाठ असतात. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेतही चित्र काढावं लागतं, पण घरून काही न्यायचं नसतं.

म्हणून या मुलांनी दोन्ही बाजूला ठेवायचं का? अजिबात नाही. स्मरणचित्राला भाजीबाजाराचा विषय आला, की डोक्यावर पाटी घेताना बाईची मान किती ताठ होते आणि कंबर कुठल्या बाजूला जाते, हे ऐनवेळी सुचत नाही. ते हाताने आधी पन्नासदा काढलेलं असावं लागतं. तिथे स्केचबुक थेट मार्क मिळवून देतं. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या परीक्षेत एखादी परिस्थिती देऊन त्यावर कल्पना मागतात, तिथे उलट असतं. मनात शब्दांचं जाळं पटकन विणायची सवय असलेलं मूल पहिल्या सुचलेल्या कल्पनेवर अडकून पडत नाही. म्हणजे पोर्टफोलिओ नसला तरी दोन्ही सवयी उपयोगी पडतात, फक्त वेगवेगळ्या पेपरला.

पोर्टफोलिओ खऱ्या अर्थाने उघडला जातो तो पुढच्या टप्प्यावर किंवा परदेशात. एनआयडीच्या एम.डेस.च्या, म्हणजे डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीच्या, मुलाखतीत तो समोर ठेवावा लागतो. अमेरिकेतलं रोड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन १२ ते २० कामं ऑनलाइन मागतं. लंडनच्या फाउंडेशन कोर्सला, म्हणजे पदवीआधीच्या तयारीच्या वर्षाला, पूर्ण झालेलं चित्र बघायचं असतंच, पण तिथवर तुम्ही कसे पोचलात तेही बघायचं असतं. त्याचं मूळ इंग्लंडच्या शाळांत आहे. तिथे ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, कला विषयात चार गोष्टी तपासतात: कल्पना शोधून वाढवणं, साहित्य हाताळून ती सुधारत नेणं, जे दिसतं-सुचतं ते नोंदवणं आणि शेवटची मांडणी. चारातल्या तीन गोष्टी रस्त्याच्या, म्हणजे तिथवर पोचण्याच्या आहेत. लंडनला राहणाऱ्या मराठी घरातल्या मुलाला हे शाळेतच अंगवळणी पडतं.

आपल्याकडे उलट शिकवण आहे. कच्च्या रेघा खोडायच्या, हात स्वच्छ ठेवायचा, कागदावर डाग पडू द्यायचा नाही. ग्रेड परीक्षेपुरतं ते ठीकच आहे. पण तीच सवय घेऊन मुलं पोर्टफोलिओ करायला बसतात आणि परीक्षकाला जे बघायचं असतं तेच खोडून टाकतात. आपल्या मुलांची खरी अडचण ही आहे, त्यांचा हात कमी पडत नाही.

एकच विषय, दोन वाटा

एका विद्यार्थिनीने 'घर' हा विषय घेतला होता. पहिल्या दिवशी ती ए-थ्री कागदावर माइंड मॅप करून आली. मधोमध ढगाच्या आकारात 'घर', भोवती सात फांद्या, प्रत्येकीला वेगळं स्केचपेन. प्रेम, सुरक्षितता, आई, आठवणी, शांतता, कुटुंब, माया. दिसायला सुरेख होता.

मी विचारलं, "यातलं उद्या काय काढशील?"

ती गप्प. सुरक्षितता कशी काढायची? फार तर ओंजळीत घर, छत्रीखाली घर, घराच्या आकाराचं हृदय. ही चित्रं मी इतक्यांदा बघितली आहेत की ती नेमकी कुणाची होती हेही आठवत नाही. 'घर' म्हटलं की मराठीतल्या कुठल्याही मुलाला हेच सात शब्द सुचतील. म्हणजे या कागदावर तिचं स्वतःचं काहीच नव्हतं.

मग दोन आठवडे शब्द बंद केले. ए-फाइव्हची वही, टू-बी पेन्सिल, एक काळं बॉलपेन, आणि अट एकच: घराचं दार सोडून हलायचं नाही. सुरुवातीची पाच-सहा पानं कंटाळ्याची होती, कडी, कोयंडा, तोरण. मग ती खाली बसली आणि तिला उंबरठा दिसला. जुनं सागवान, मधोमध दोन बोटं झिजून खोल गेलेलं आणि दोन्ही टोकांना मात्र धार शाबूत. शेजारी चपला. वडिलांच्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने घासलेली, आजीच्या चपलेचा तुटलेला अंगठा सेफ्टी पिनेने जोडलेला. दोन आठवड्यांत तिने एकतीस पानं भरली. त्यातली निम्मी फसलेली होती. एकाही पानाला खोडरबर लावलेलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही परत माइंड मॅप केला, त्याच वहीत, पेन्सिलीनेच. मध्ये 'उंबरठा'. फांद्या आपोआप फुटल्या: झीज, माप ओलांडणं, रांगोळीचा थर, दिवेलागण, आत ना बाहेर, चपला. 'आत ना बाहेर'मधून नरसिंह आला, हिरण्यकशिपूला उंबऱ्यावर मारणारा. आणि त्याच फांदीला अजून एक शब्द लागला, 'कोण थांबतं'. तिने थोडं थांबून लिहिलं, 'कचऱ्याच्या मावशी'. रोज सकाळी येतात आणि इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही उंबरा ओलांडलेला नाही, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

पुढच्या वीस पानांवर फक्त हात आहेत. उंबऱ्याच्या अलीकडून पलीकडे काहीतरी देणारे, घेणारे, मध्येच थबकलेले. तिच्या पोर्टफोलिओचं मुख्य काम त्यातून उभं राहिलं.

पहिला आणि दुसरा माइंड मॅप, दोन्ही तिनेच केले. पहिला बघण्याच्या आधीचा होता, म्हणून त्यात सगळ्यांचे शब्द आले. दुसरा एकतीस पानांनंतरचा होता. दहातला एक तास कधी द्यायचा, याचं उत्तर हे आहे.

माइंड मॅप कुठे सरस ठरतो

असं वाचून माइंड मॅपला कमी लेखू नका. काही मुलांचा हात फार सुंदर असतो आणि तीच अडकतात. हात काढायला सांगितलं की तीस हात काढतील, सगळे उत्तम, सगळे सारखे. परीक्षकाने "मग पुढे काय?" विचारलं की उत्तर नाही. अशा मुलाला मी नुसती आणखी चित्रं काढायला लावत नाही. स्वतःची पानं समोर पसरून त्यांचा माइंड मॅप कर, म्हणते. काय सारखं सारखं येतंय, काय एकदाच येऊन गेलं, कशाकडे बघायचंच टाळलंय? अर्ध्या तासात दिशा मिळते, जी स्केचबुकमधून महिनाभर मिळाली नसती. कम्युनिकेशन डिझाइन किंवा अॅनिमेशनला जाणाऱ्यांनी माइंड मॅपला थोडा जास्त वेळ द्यावा. दहातले तीन तासही चालतील.

माइंड मॅप हा शब्द टोनी बुझान या इंग्रज लेखकाने लोकप्रिय केला, १९७४ साली बीबीसीवरच्या त्याच्या मालिकेतून. त्याचे नियम प्रसिद्ध आहेत: मध्ये चित्र, वळणदार फांद्या, रंग, आणि एका फांदीवर एकच शब्द. शेवटचा नियम जरूर पाळा. 'माझ्या गावाची सांस्कृतिक ओळख' अशी फांदी पुढे फुटत नाही, 'शेवाळ' फुटते. बाकीच्या नियमांची काळजी करू नका. रंगीत पेनांनी सजवण्यात तास जातो आणि विचार जिथल्या तिथे राहतो.

पण शब्द आणि रेघ एकाच पानावर असणं ही बुझानच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. १८३७ साली डार्विनने आपल्या वहीत एक फांद्याफांद्यांचं वेडंवाकडं झाड काढलं आणि वर लिहिलं, 'मला वाटतं'. उत्क्रांतीच्या झाडाचा तो त्याचा पहिला आराखडा. आपल्याकडे चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांच्या डायऱ्यांतही मराठी टिपणं आणि रेखाटनं शेजारी शेजारी नांदतात. म्हणून माझा आग्रह असतो, माइंड मॅप वेगळ्या कागदावर नको, वहीतच करा. आधीची निरीक्षणं आणि नंतरची चित्रं त्याच्या अलीकडे-पलीकडे असली की बघणाऱ्याला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

अॅपवर करायचा का? स्वतःसाठी खुशाल करा, फांद्या हलवता येतात. पोर्टफोलिओत मात्र हातानेच. अॅपमधले सगळ्यांचे माइंड मॅप सारखे दिसतात, त्यात तुमचा हात दिसत नाही.

कोणत्या भाषेत?

यावर फार कमी बोललं जातं, आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. परदेशी कॉलेजचा फॉर्म म्हटला की मुलं माइंड मॅप इंग्रजीत करतात. मग आयडेंटिटी, हेरिटेज, मेमरी, कल्चर असे शब्द येतात, ज्यांना ना वास ना रंग. त्याच मुलाला मराठीत करायला लावा. ओल, पोपडे, कोनाडा, भिंतीवरचा पोचारा, माजघरातला काळोख. प्रत्येक शब्द काढता येतो. तुमच्या घरी वऱ्हाडी, मालवणी, कोकणी, अहिराणी जे बोलत असतील त्यात करा. बाजूला बारीक अक्षरात इंग्रजी अर्थ लिहिला की झालं. मूळ शब्द खोडू नका, परीक्षकाला न कळणारी लिपीही त्या पानाचा भाग आहे.

फसगत कुठे होते

स्केचबुकमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते ती 'फेअर' करण्यात. शेवटच्या पंधरा दिवसांत नवी वही आणून सगळं सुवाच्य उतरवायचं. हे लगेच ओळखू येतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तेच पेन, तोच दाब, तेच अक्षर, एकही फसलेलं पान नाही, चहाचा डाग नाही, चिकटवलेलं तिकीट नाही. सहा महिन्यांची वही अशी दिसूच शकत नाही. फोटोवरून उतरवलेले सिनेनटांचे चेहरेही वहीत नकोत. त्यातून तुमची चिकाटी दिसते, नजर दिसत नाही. पानं फाडू नका, प्रत्येक पानावर तारीख घाला.

इंग्रज चित्रकार टर्नरने मागे ठेवलेल्या वारशात सुमारे तीनशे स्केचबुकं आहेत. त्यातल्या कित्येक पानांवर चार रेघांपलीकडे काही नाही. तुमच्याही वहीत अशी पानं असू द्या.

माइंड मॅपची फसगत वेगळी आणि अगदी साधी आहे: फोटोत तो वाचता येत नाही. ए-थ्रीवरचं बारीक अक्षर स्क्रीनवर मुंग्यांसारखं दिसतं. ऑनलाइन जाणार असेल तर पंधरा-वीस शब्दांवर थांबा, किंवा एकाच फांदीचा जवळून फोटो द्या. फोटो सकाळी खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल कागदाला समांतर धरून.

साहित्यावर फार खर्च नको. रोज बरोबर नेण्यासाठी एक ए-फाइव्ह, घरी एक ए-फोर. कागद १५० जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) आसपास असला की पेन मागे फुटत नाही आणि पातळ रंगाचा हलका वॉशही सोसतो. खरं जलरंगाचं काम ३०० जीएसएमच्या सुट्या कागदावर करून वहीत चिकटवा. कोळशाच्या पानांमध्ये बटर पेपर घाला. वही महाग असली की मुलं तिच्यात काढायला घाबरतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. पालकांनी पहिली वही स्वस्तातलीच घ्यावी.

तुमचं गणित

फक्त राज्याची सीईटी द्यायची असेल तर माइंड मॅपची चिंता सोडा, रोज अर्धा तास बाहेर बसून माणसं काढा. महिनाच उरला असेल आणि परदेशी फॉर्म भरायचा असेल तर एकच विषय घ्या, एकच वही, आणि दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकच माइंड मॅप. सहा महिने असतील तर दोन-तीन विषय झेपतील. हात कच्चा आणि डोकं भन्नाट चालतं असं मूल असेल तर त्याला माइंड मॅप आवडेल, तो त्यातच रमेल. त्याच्याकडून रोजची दोन पानं काढून घ्यावीच लागतात, वाईट आली तरी.

मुलाखतीला जाताना छापलेल्या पोर्टफोलिओबरोबर मूळ वही न्या. पाच ठिकाणी रंगीत चिठ्ठ्या लावा: एक फसलेलं पान, एक ज्यावर नजर अडकली ते पान, माइंड मॅप, त्यानंतर लगेच बदललेलं पान आणि शेवटच्या कामाचं बीज असलेलं पान. परीक्षकाने वही हातात घेतली की ती त्यांनाच उलटू द्या. ते कुठे थांबले ते बघा आणि त्या पानाबद्दल बोला.